तटस्थ देश आणि अलिप्त देश: काठावरचा कोण, पाण्यातला कोण?

२ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युक्रेनवरच्या रशियाच्या आक्रमणाचा निषेध करणारा ठराव मताला आला. १४१ देश बाजूने, ५ विरोधात, आणि ३५ देशांनी मतच दिलं नाही. त्या ३५ मध्ये भारत होता. हे सांगताना कुणी ‘भारत तटस्थ राहिला’ म्हणतं, कुणी ‘भारताने अलिप्ततेचं धोरण पाळलं’ म्हणतं. लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं तर दोन्ही शब्द एकाच अर्थाने वहीत उतरवतात. पण हे दोन शब्द एक नाहीत. मोठ्यांच्या भांडणात लहान देश स्वतःचं वजन कसं राखतात हे समजून घ्यायचं असेल, तर आधी ही गल्लत सोडवावी लागते. दोन्हींची ताकद वेगळ्या जागी असते आणि दोन्ही मोडतात त्याही वेगळ्या जागी.

गल्लतीत भाषेचाही हात आहे. ‘तट’ म्हणजे काठ. पैठणच्या घाटावर उभं राहून गोदावरीचा पूर पाहतो तो तटस्थ. ‘अलिप्त’ म्हणजे ज्याला काही चिकटलेलं नाही तो, कमळाच्या पानासारखा. बोलताना मात्र ‘तो जरा अलिप्तच असतो’ म्हटलं की कशातच भाग न घेणारा, दूर बसणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे अलिप्त देश हा तटस्थ देशापेक्षाही लांब बसलेला असणार, असं वाटतं. वस्तुस्थिती उलटी आहे. कमळाचं पान असतं ते पाण्यातच. अलिप्त देश भांडणाच्या मधोमध वावरतो, दोघांशीही बोलतो, दोघांकडूनही घेतो. काठावर खरोखर उभा असतो तो तटस्थ देश, आणि तिथे उभं राहण्याचे लेखी नियम आहेत.

तटस्थता म्हणजे आधी दिलेला शब्द

हे नियम प्रामुख्याने १९०७ च्या हेग करारांत आले. जमिनीवरच्या युद्धासाठी पाचवा करार, समुद्रावरच्या युद्धासाठी तेरावा. तटस्थ देशाच्या भूमीवरून कुठल्याही पक्षाने सैन्य किंवा दारूगोळा न्यायचा नाही, आणि तसं होऊ न देणं ही त्या देशाची जबाबदारी. तिथे सैन्यभरती करायची नाही. लढणाऱ्यांपैकी कुणाचं सैन्य पळून हद्दीत आलं तर त्याची शस्त्रं काढून घ्यायची आणि युद्ध संपेपर्यंत त्याला रणभूमीपासून दूर अडकवून ठेवायचं. सरकारने कुणालाच शस्त्रं द्यायची नाहीत. खासगी कंपन्यांनी विकली तर चालतात. बंदी घालायची असेल तर मात्र दोन्ही पक्षांना सारखीच घालावी लागते. या शेवटच्या कलमावर आजही वाद अडतात.

हे नियम कागदावरच राहिले असंही नाही. फेब्रुवारी १८७१ मध्ये, म्हणजे हेग करारांच्याही आधी, फ्रान्सचं सुमारे ८७ हजारांचं सैन्य प्रशिया या जर्मन राज्याच्या माऱ्यातून पळत स्वित्झर्लंडच्या सीमेवर आलं. स्विस सैन्याने सगळ्यांची शस्त्रं उतरवून घेतली आणि सैनिकांना देशभर वाटून ठेवलं. डिसेंबर १९३९ मध्ये ‘ग्राफ श्पे’ ही जर्मन युद्धनौका ब्रिटिश नौकांशी झुंजून मोडक्या अवस्थेत उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ बंदरात शिरली. तटस्थ बंदरात युद्धनौकेला साधारण २४ तास थांबता येतं. दुरुस्तीसाठी उरुग्वेने ७२ तास दिले, त्याहून जास्त नाही. मुदत संपली तेव्हा बाहेर ब्रिटिश नौका होत्या. १७ डिसेंबरला कप्तानाने बंदराबाहेर नेऊन स्वतःचीच नौका बुडवली. उरुग्वेने एक गोळी झाडली नाही. नियमावर बोट ठेवलं आणि जर्मनीच्या एका मोठ्या युद्धनौकेचा निकाल लागला.

ही ताकद येते कुठून? खात्रीतून. तटस्थ देश काय करणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. नोव्हेंबर १८१५ मध्ये युरोपातल्या मोठ्या सत्तांनी स्वित्झर्लंडच्या कायम तटस्थतेला मान्यता दिली, ती स्विस लोकांवरच्या प्रेमापोटी नव्हे. आल्प्सच्या घाटवाटा आपल्या हातात नसल्या तरी चालतील, शत्रूच्या हातात नकोत, हा दोन्ही बाजूंचा हिशेब होता. ऑस्ट्रियाचं तसंच. महायुद्धानंतर दहा वर्षं चार देशांच्या फौजा तिथे बसल्या होत्या. मे १९५५ च्या करारानुसार त्या निघाल्या आणि २६ ऑक्टोबर १९५५ ला ऑस्ट्रियाच्या संसदेने कायदा केला की आम्ही कुठल्या लष्करी आघाडीत जाणार नाही, परकी तळ होऊ देणार नाही. त्या शब्दाच्या मोबदल्यात देश अखंड राहिला. शेजारच्या जर्मनीची फाळणी १९९० पर्यंत टिकली.

विश्वास बसला की बाकीची कामं आपोआप दारी येतात. १९८० मध्ये अमेरिका आणि इराणचे राजनैतिक संबंध तुटले, तेव्हापासून तेहरानमध्ये अमेरिकेचं कामकाज स्वित्झर्लंड पाहतं. शीतयुद्धात दोन्ही गट एका टेबलाशी बसले ते फिनलंडच्या हेलसिंकीत, ऑगस्ट १९७५ मध्ये, ३५ देश एकत्र. यजमानपण लहान देशासाठी मोठं साधन असतं. विषयपत्रिकेत कुठला मुद्दा आधी येतो, मसुदा कोण लिहितं, रात्री अडलेलं वाक्य कोण सोडवतं, यात देशाच्या लोकसंख्येचा प्रश्न येत नाही.

आता मोडतं कुठे ते पाहू. बेल्जियमची तटस्थता १८३९ च्या लंडन करारात सगळ्या मोठ्या सत्तांनी, प्रशियासकट, मान्य केली होती. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्य तिथूनच फ्रान्सकडे निघालं, आणि ब्रिटनने या कागदाच्या कपट्यासाठी युद्धात उतरावं का, असा सवाल जर्मन चॅन्सलरने केला. कागद बळकट होता, वाट मोक्याची होती आणि अडवणारं सैन्य अपुरं होतं. म्हणूनच हेग करारात स्पष्ट लिहिलं आहे की तटस्थ देशाने स्वतःच्या हद्दीसाठी बळ वापरलं तर ते शत्रुत्वाचं कृत्य ठरत नाही. स्वित्झर्लंडमध्ये आजही पुरुषांना सक्तीची लष्करी सेवा आहे. तटस्थ म्हणजे निःशस्त्र, ही दुसरी मोठी गल्लत. काठावर उभं राहायचं तर काठ राखावा लागतो.

दुसरं, तटस्थता म्हणजे मत नसणं नव्हे. २८ फेब्रुवारी २०२२ ला स्वित्झर्लंडने युरोपीय संघाचे रशियावरचे आर्थिक निर्बंध स्वीकारले. त्याच वर्षी जर्मनीकडे असलेला स्विस बनावटीचा तोफगोळा युक्रेनला द्यायला परवानगी नाकारली. वरवर विसंगत वाटेल, पण हेगच्या नियमांनी बांधलेला भाग फक्त लष्करी आहे. व्यापार, निर्बंध, निषेध हे धोरणाचे प्रश्न. मात्र कायद्याने मोकळीक असली म्हणून विश्वास आपोआप टिकत नाही. आता तुम्ही तटस्थ उरला नाहीत, असं रशिया तेव्हापासून स्वित्झर्लंडला बजावत आला आहे. खात्री विकणाऱ्याला ही झीज परवडत नाही.

अलिप्तता म्हणजे हात मोकळा ठेवणं

अलिप्ततेला असा कायदा नाही. एप्रिल १९५५ मध्ये इंडोनेशियातल्या बांडुंगला २९ देश जमले, सप्टेंबर १९६१ मध्ये बेलग्रेडला अलिप्त राष्ट्र चळवळीची, २५ देशांची, पहिली शिखर परिषद झाली. तिथे कुणाला बोलवायचं हे ठरवण्यासाठी जून १९६१ मध्ये कैरोत निकष लिहिले गेले, आणि ते मुळातून वाचण्यासारखे आहेत. स्वतंत्र धोरण हवं. स्वातंत्र्यलढ्यांना पाठिंबा हवा. बड्या सत्तांच्या संघर्षाच्या संदर्भात झालेल्या बहुराष्ट्रीय लष्करी आघाडीचं सदस्यत्व नको. द्विपक्षीय लष्करी करार किंवा परकी तळ असेल, तर तोही ‘त्या संघर्षाच्या संदर्भात’ केलेला नको.

या ‘संदर्भात’ शब्दात सगळी खोच आहे. तळ दिला तर बाद, असं निकष म्हणत नाही. कशासाठी दिला, हे विचारतो. त्यामुळे ऑगस्ट १९७१ मध्ये सोव्हिएत संघाशी मैत्री करार करूनही भारत चळवळीत राहिला, आणि सोव्हिएत क्षेपणास्त्रं भूमीवर घेऊन पुढे सोव्हिएत संघाला ‘नैसर्गिक मित्र’ म्हणवणारा क्युबा १९७९ च्या परिषदेचा यजमान झाला. त्याच वर्षी ब्रह्मदेश या ओढाताणीला कंटाळून चळवळीतून बाहेर पडला. आमच्या मते ब्रह्मदेशाने निकष जास्त प्रामाणिकपणे वाचला होता, पण त्याचा त्याला काही फायदा झाला नाही, हेही खरं.

दुसऱ्याच निकषापाशी तटस्थतेशी फारकत होते. स्वातंत्र्यलढ्यांना पाठिंबा द्या, म्हणजे बाजू घ्या. अलिप्त देशाने प्रत्येक प्रश्नावर स्वतःचं मत बनवावं आणि ते मोठ्याने सांगावं, अशी अपेक्षा आहे. मार्च २०२२ मध्ये सिंगापूरने रशियावर स्वतःहून निर्बंध लावले. सिंगापूर अलिप्त राष्ट्र चळवळीचं सदस्य आहे. शेजारच्या मोठ्या देशाने इतिहासाचा दाखला देऊन लहान देशात फौजा घुसवणं आज चालवून घेतलं तर उद्या आपली पाळी, हा त्यामागचा विचार. तिथे काहीही अलिप्तताविरोधी नव्हतं. भारताने मत दिलं नाही, तेही अलिप्ततेत बसतं. दोघांचेही हात मोकळे होते, दोघांनी ते वेगवेगळ्या दिशेने वापरले.

अलिप्त देशाची ताकद खात्रीत नसते. तो उद्या दुसऱ्याकडे जाऊ शकतो, या शक्यतेत ती असते. तूर घेऊन बाजार समितीत आलेल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. दुसरा खरेदीदार यार्डात उभा असेल तोवरच पहिल्याच्या तोंडून बरा भाव निघतो. इजिप्तने हे मोठ्या हिमतीने करून पाहिलं. सप्टेंबर १९५५ मध्ये तिथले नेते नासेर यांनी चेकोस्लोव्हाकियामार्फत सोव्हिएत शस्त्रं घेतली आणि मोबदल्यात कापूस देऊ केला. तीन महिन्यांत अमेरिका-ब्रिटनने आस्वान धरणासाठी पैसे देऊ केले. १९ जुलै १९५६ ला अमेरिकेने ते मागे घेतले, २६ जुलैला नासेर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं आणि १९५८ मध्ये धरणाचा पैसा सोव्हिएत संघाकडून आला. धरण झालं. पण कापूस आणि शस्त्रं एकाच दिशेने जात-येत राहिल्याने पुढे सैन्यात सोव्हिएत सल्लागार हजारोंनी भरले. जुलै १९७२ मध्ये नासेर यांच्यानंतरचे अध्यक्ष सादात यांना हे सल्लागार देशाबाहेर काढावे लागले. सौदा चांगला होता. त्याची वीण घट्ट होत गेली, तिकडे वेळेत लक्ष गेलं नाही.

आकड्यांत पाहायचं तर किर्गिझस्तान घ्या. अफगाण युद्धासाठी अमेरिकेला तिथला मनास विमानतळ हवा होता, भाडं वर्षाला १.७४ कोटी डॉलर. फेब्रुवारी २००९ मध्ये किर्गिझ अध्यक्षांनी मॉस्कोत तळ बंद करण्याची घोषणा केली. रशियाने त्याच भेटीत २०० कोटी डॉलरच्या कर्जाचा शब्द दिला होता. जूनमध्ये अमेरिकेने नवा करार केला, भाडं ६ कोटी डॉलर. पाच महिन्यांत साडेतीन पट. मात्र एप्रिल २०१० च्या उठावात ते अध्यक्ष पायउतार झाले. दोन्हीकडून घेतलेल्या पैशाचा हिशेब शेवटी घरच्यांनाच द्यावा लागतो.

दुसरं दार बंद होतं तेव्हा

अलिप्ततेचं खरं मरण दुसरा पर्याय संपण्यात आहे, आणि त्याचा सगळ्यात स्पष्ट धडा मराठवाड्याच्याच जमिनीत पडलेला आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी हैदराबादच्या निजामाला मराठे, टिपू आणि इंग्रज असे तीन बलाढ्य शेजारी होते. १७९० मध्ये तो मराठे आणि इंग्रजांबरोबर टिपूविरुद्ध गेला. मार्च १७९५ मध्ये, आजच्या बीड जिल्ह्याच्या हद्दीला लागून असलेल्या खर्ड्याला, मराठ्यांशी गाठ पडली तेव्हा इंग्रज गव्हर्नर जनरल जॉन शोअरने मदत नाकारली. निजाम हरला, दौलताबादचा किल्ला आणि मोठी खंडणी कबूल करून सुटला. त्याने यातून काढलेला धडा पहिल्यांदा बरोबर होता: रेमाँ या फ्रेंच अधिकाऱ्याच्या हाताखालची कवायती फौज वाढवली. आता इंग्रजांशी बोलताना त्याच्यामागे फ्रेंच उभे होते.

१ सप्टेंबर १७९८ च्या तैनाती फौजेच्या तहाने हा पर्याय गेला. फ्रेंच पलटणी मोडून टाकायच्या, त्यांच्या जागी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा पलटणी ठेवायच्या, खर्च वर्षाला सुमारे २४ लाख रुपये निजामाचा. ऑक्टोबरात फ्रेंच फौजेची शस्त्रं काढून घेतली गेली आणि त्या दिवसानंतर इंग्रजांना भाव वाढवून देण्याचं कारणच उरलं नाही. दोन वर्षांत, १८०० च्या तहाने, टिपूच्या राज्यातून मिळालेला मुलूख फौजेच्या खर्चापोटी कंपनीकडे गेला आणि परराज्यांशी व्यवहार कंपनीच्या संमतीशिवाय करता येईना. पुढे हैदराबाद कंटिंजंट नावाची आणखी एक फौज आली, तिचा खर्च थकत गेला, कर्ज साचलं. १८५३ मध्ये त्या थकबाकीपोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कंपनीच्या कारभाराखाली गेला. धाराशिव १८६० मध्ये परत मिळालं. वऱ्हाड कधीच नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना ही साखळी ओळखीची वाटेल. एकदा उचल घेतली की कोयता कुणाच्या फडात चालणार हे मुकादम ठरवतो, आणि हंगाम संपला तरी फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याचाच. देशांच्या बाबतीत उचल तीन रूपांत येते: एकाच सावकाराचं कर्ज, एकाच पुरवठादाराची शस्त्रं, आणि एकाच रस्त्याने येणारं इंधन. शस्त्रांची उचल सगळ्यात चिवट. लढाऊ विमान घेतलं की तीस-चाळीस वर्षं सुटे भाग, दारूगोळा, प्रशिक्षण त्याच देशाकडून घ्यावं लागतं.

दार नुसतं कागदावर असूनही भागत नाही. २०१५ मध्ये भारत-नेपाळ सीमेवरची वाहतूक ठप्प झाली तेव्हा नेपाळमध्ये इंधनासाठी रांगा लागल्या. मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी पारगमन करार, म्हणजे चीनमार्गे माल ने-आण करण्याचा करार, केला. पण कोलकाता बंदर नेपाळच्या सीमेपासून हजार किलोमीटरच्या आत आहे, आणि चीनची बंदरं हिमालय ओलांडून तीन हजार किलोमीटरहून लांब. कराराने बोलणी करायला बळ दिलं, मालाचा मुख्य रस्ता मात्र दक्षिणेचाच राहिला. याउलट व्हिएतनामकडे लांब किनारा आणि मोठा निर्यात व्यापार आहे. म्हणून तिथे सप्टेंबर २०२३ मध्ये बायडेन, डिसेंबरमध्ये शी जिनपिंग आणि जून २०२४ मध्ये पुतिन असे तिघेही येऊन गेले.

बातमी वाचताना

एखादा देश यांतला कोणता हे ओळखायला पहिला प्रश्न हा: युद्ध सुरू झालं तर तो काय करणार, हे आज सांगता येतं का? येत असेल आणि ते त्याच्या कायद्यात किंवा करारात लिहिलेलं असेल, तर तो तटस्थ. सांगता येत नसेल आणि कुठल्या आघाडीशीही तो बांधलेला नसेल, तर अलिप्त. दुसरा प्रश्न, त्याची स्थिती कुणी मान्य केली आहे? अलिप्ततेला कुणाच्या मान्यतेची गरज नाही. तटस्थतेला शेजाऱ्यांची लागते, आणि नेमक्या त्याच शेजाऱ्याची लागते ज्याची भीती आहे. नेपाळचे राजे वीरेंद्र यांनी फेब्रुवारी १९७५ मध्ये देश ‘शांतता क्षेत्र’ जाहीर करण्याचा प्रस्ताव मांडला. शंभरहून जास्त देशांनी पाठिंबा दिला. भारताने १९५० च्या करारातल्या परस्पर सुरक्षेच्या बांधिलकीकडे बोट दाखवून तो मान्य केला नाही आणि प्रस्ताव तिथेच राहिला.

आघाडीत राहूनही लहान देश मोठ्याला वाकवू शकतो, हे इथे सांगून ठेवायला हवं, नाहीतर चित्र अपुरं राहील. सव्वादोन लाख वस्तीच्या, सैन्यच नसलेल्या आइसलँडने ऑक्टोबर १९७५ मध्ये मासेमारीची हद्द २०० मैलांवर नेली, ब्रिटिश ट्रॉलरांची जाळी कापली आणि केफ्लाविकचा नाटो तळ बंद करण्याची धमकी दिली. दोघेही नाटोचे सदस्य. जून १९७६ मध्ये ब्रिटनने हद्द मानली. ही ना तटस्थता, ना अलिप्तता. ही जागेची किंमत वसूल करण्याची हिंमत.

आणि हैदराबादचं १९४८? परीक्षेत याबद्दल विचारलं तर तटस्थता किंवा अलिप्तता हे दोन्ही शब्द वापरू नयेत. जून १९४७ मध्ये निजामाने कुठल्याच देशात न जाण्याचं जाहीर केलं, २९ नोव्हेंबरला भारताशी ‘जैसे थे’ करार केला आणि नंतर पाकिस्तानला २० कोटी रुपयांचं कर्ज देऊ केलं. काठावर उभं राहण्याचा शब्दही पाळला नाही आणि हातही मोकळे नव्हते, कारण चारही बाजूंना भारतच होता. सगळ्यात महत्त्वाचं, राज्यातली जनता स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली आधीच आपला निर्णय सांगून तुरुंगात जात होती. ऑगस्ट १९४८ मध्ये निजामाने सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. ती पॅरिसमध्ये चर्चेला आली १६ सप्टेंबरला, भारतीय फौजा आत शिरून तीन दिवस झाल्यावर. १७ तारखेला शरणागती झाली, आणि काही दिवसांत निजामाने स्वतःच ती तक्रार मागे घेतली.